रोवलेली झडप रुळते कशी?

मराठी मंडळाच्या अंकात हृदयाच्या झडपेवर लेख कशाला, असं कोणी विचारायच्या आधीच सांगतो. या विषयातली अर्धी अडचण विज्ञानाची आहे आणि अर्धी शब्दांची. प्रयोगशाळेत घडवलेली झडप हृदयात बसवल्यावर तिच्यात जे बदल होतात, त्यांना वैद्यकात ‘रीमॉडेलिंग’ म्हणतात. पुस्तकी मराठीत त्याला ‘पुनर्रचना’ असा शब्द आहे. पण आपल्या उज्जैनच्या मराठी घरांत पुनर्रचना म्हटलं की १९५६ सालचा नकाशा आठवतो. कोणीतरी वर बसून रेघा ओढल्या आणि आपण मध्य भारतातून मध्य प्रदेशात आलो. हृदयात असं वरून कोणी काही ओढत नाही. पेशी येतात, जुनं संपवतात, नवं विणतात, आणि रक्ताचा दाब जसा पडेल तशी त्या विणीची दिशा ठरते. म्हणून मला ‘रुळणे’ हा साधा शब्द जास्त जवळचा वाटतो. नवी सून घरात रुळते, बदली होऊन आलेला माणूस गावात रुळतो. कधी कधी रुळत नाही, आणि तेही या शब्दात आहेच.

आधी मूळची झडप पाहू. हृदयात चार झडपा असतात. त्यांपैकी महाधमनीच्या आणि फुफ्फुसधमनीच्या तोंडाशी ज्या दोन आहेत, त्यांना प्रत्येकी तीन पाकळ्या असतात. हृदय मिनिटाला ७२ ठोके देतं असं धरलं तर दिवसाला १ लाख ३ हजार ६८० वेळा ती झडप उघडते आणि मिटते. वर्षाला पावणेचार कोटींच्या वर. फ्रीगंजच्या टॉवरवरच्या घड्याळाचा काटा एक मिनिट पुढे सरकेपर्यंत हे सत्तरेक वेळा होऊन गेलेलं असतं. आणि पाकळीची जाडी? एक मिलिमीटरसुद्धा नाही.

एवढ्या पातळ पडद्यात तीन थर असतात. एका बाजूला कोलॅजनच्या धाग्यांचा थर, तो ताण पेलतो. दुसऱ्या बाजूला इलॅस्टिनचा थर, तो ताणलेली पाकळी पुन्हा जागेवर आणतो. मधला थर पाणी धरून ठेवणारा, स्पंजासारखा, आणि त्यामुळे दोन्ही थर एकमेकांवर घसरू शकतात. ही सगळी शिलाई सांभाळायला आत पेशी असतात आणि बाहेरून रक्ताशी संबंध येतो तिथे पेशींचंच एक अस्तर असतं. आतल्या पेशी एरवी शांत असतात. कुठे धागा झिजला की जाग्या होतात, दुरुस्ती करतात, परत शांत होतात. ‘परत शांत होतात’ हे तीन शब्द लक्षात ठेवा, पुढचं सगळं दुखणं तिथेच आहे.

झडप बिघडली तर आजवर दोन मार्ग होते. पहिला धातूची झडप. ती टिकते, पण तिच्यावर रक्त गोठण्याची भीती असते, म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर. गोळी जास्त झाली तर रक्तस्राव, कमी झाली तर गुठळी, म्हणून आयएनआर नावाची रक्ततपासणी पुन्हा पुन्हा. ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांना ही तीन अक्षरं पाठ असतात. तरुण मुलीला अशी झडप बसवली असेल तर गरोदरपणात प्रश्न आणखी बिकट होतो, कारण वॉरफॅरिनसारख्या गोळीने पहिल्या महिन्यांत गर्भाला इजा होऊ शकते आणि गोळी बंद केली तर आईची झडप धोक्यात येते. दुसरा मार्ग म्हणजे डुकराची झडप किंवा गायीच्या हृदयावरणापासून बनवलेली झडप. ती ग्लुटारल्डिहाइडमध्ये भिजवून पक्की करतात, जवळजवळ कातडं कमावतात तशी. तिला गोळीचा जाच कमी, पण ती मेलेलीच असते. झिजली तर दुरुस्त करणारं आत कोणी नाही. दहा-पंधरा वर्षांत तिच्यात चुना साचून ती ताठ होते, आणि लहान मुलांत तर त्याहून पुष्कळ लवकर.

दोन्हींत एक समान खोट आहे: दोन्ही वाढत नाहीत. चार वर्षांच्या मुलाला बसवलेली झडप तो आठ वर्षांचा झाला की अपुरी पडते. मग पुन्हा छाती उघडा. मोठा होईपर्यंत दोन-तीनदा.

आपल्या देशाने यातल्या पहिल्या मार्गावर मोठं काम केलं, ते इथे सांगायलाच हवं. त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशी झडप तयार केली. पहिल्या रचना फसल्या. एका रचनेत मानवनिर्मित नीलमाची चकती होती, ती मेंढीच्या हृदयात तडकली. चौथी रचना टिकली: कठीण मिश्रधातूची चौकट, आत पॉलिथिलीनची झुलणारी चकती आणि शिवण्यासाठी पॉलिएस्टरची कड. डिसेंबर १९९० मध्ये ती पहिल्यांदा माणसाला बसवली, आणि तेव्हापासून एक लाखाहून अधिक रुग्णांना ती मिळाली आहे. परदेशी झडपेची किंमत न परवडणाऱ्या घरांत या चकतीने माणसं जगवली. तरीही ती चकतीच. तिला रुळावं लागत नाही, कारण ती शरीराची होतच नाही.

मग १९९० च्या दशकात बोस्टनमध्ये वेगळा विचार सुरू झाला. विरघळणाऱ्या धाग्यांची, म्हणजे शस्त्रक्रियेत टाके घालायला वापरतात तसल्या पदार्थाची, एक जाळी घ्यायची. तिच्यावर त्याच प्राण्याच्या पेशी पेरायच्या. जाळी हळूहळू विरघळेल, पेशी आपलं कोलॅजन विणतील, आणि शेवटी उरेल ती फक्त जिवंत ऊती. मंडप घालताना बांबूची परात बांधतात आणि काम झालं की सोडतात, तसं. १९९५ साली तोशिहारू शिनोका आणि जॉन मेयर यांच्या गटाने मेंढ्यांत एकच पाकळी अशी बदलून दाखवली. २००० साली सायमन होअरस्ट्रुप यांच्या गटाने अख्खी तीन पाकळ्यांची झडप केली. तिला कोकरात बसवण्याआधी दोन आठवडे एका यंत्रात ठेवली होती, आणि त्या यंत्रात द्रवाचा प्रवाह हळूहळू वाढवत नेत. म्हणजे झडपेला हृदयाचा सराव आधीच दिला. आठ आठवड्यांत जाळी विरघळली, आणि वीस आठवड्यांनी काढून पाहिली तेव्हा पाकळीत थर दिसायला लागले होते.

आता मुख्य गोष्ट. झडप शिवून रक्त सुरू केलं की आत काय होतं?

पहिल्या काही तासांतच रक्तातली प्रथिनं तिच्या पृष्ठभागावर चिकटतात. नंतर पांढऱ्या पेशी येतात, त्यांत मॅक्रोफेज महत्त्वाच्या. मराठीत त्यांना ‘भक्षक पेशी’ म्हणतात, पण नुसतं भक्षण हे त्यांचं काम नाही. सुरुवातीला त्या हल्लेखोर असतात, जाळी तोडतात, दाह वाढवतात. सगळं नीट चाललं तर काही आठवड्यांत त्यांचा स्वभाव पालटतो आणि त्या दुरुस्तीचे निरोप धाडायला लागतात. त्या निरोपांवर धागे विणणाऱ्या पेशी येतात. त्या मुख्यतः धमनीच्या भिंतीकडून, पाकळीच्या बुडातून आत शिरतात. म्हणून बुड आधी वसतं आणि पाकळीची मोकळी कड शेवटी. गावात नवी वसाहत वसते तीही रस्त्याकडून आत, तसंच. बाहेरचं अस्तरही पुन्हा तयार होतं.

इथे एक गंमतीची गोष्ट पुढे आली. सुरुवातीला सगळ्यांना वाटायचं की आपण पेरलेल्या पेशीच नवी ऊती बनवतात. शिनोका आणि ख्रिस्तोफर ब्रुअर यांच्या गटाने उंदरांत, झडपेऐवजी रक्तवाहिनीच्या नळीवर, हे तपासलं. २०१० मध्ये त्यांनी दाखवलं की पेरलेल्या पेशी थोड्याच दिवसांत नाहीशा होतात. पण जाता जाता त्या असा रासायनिक निरोप सोडतात की शरीराच्या स्वतःच्या पेशी धावून येतात. म्हणजे बियाणं उगवलंच नाही. त्याने फक्त शेतकऱ्याला बोलावलं! या शोधानंतर अनेक गटांनी पेशी पेरायचं सोडूनच दिलं. रिकामी जाळी द्या, बाकीचं शरीर करेल, असा विचार रूढ झाला. माझ्या मते यात थोडी घाई झाली. पण ती का झाली ते समजतं: तयार, कपाटात ठेवता येईल अशी झडप हवी होती, प्रत्येक रुग्णासाठी आठवडेच्या आठवडे पेशी वाढवत बसणं परवडणारं नव्हतं.

आता ते ‘परत शांत होतात’ आठवा. दुरुस्तीला आलेल्या पेशी एक विशेष रूप घेतात. त्यांच्यात स्नायूपेशीसारखे आकुंचन पावणारे धागे तयार होतात. कापलेल्या बोटाची जखम भरताना कडा जवळ येतात त्या यांच्यामुळेच. जखमेत हे हवंच असतं. झडपेत मात्र हेच घातक ठरतं. पेशी ओढत राहिल्या की पाकळी आखडते. तीन पाकळ्या मध्ये एकमेकींना टेकल्या तरच दार बंद होतं. प्रत्येक पाकळी दोन-तीन मिलिमीटर आखडली की मधोमध फट पडते आणि रक्त मागे गळायला लागतं. मेंढ्यांवरच्या कितीतरी प्रयोगांत हेच दिसलं: बसवताना झडप सुंदर, आणि काही महिन्यांनी पाकळ्या आखूड, जाड, काही ठिकाणी भिंतीला चिकटलेल्या. प्रयोगशाळेत पेशी पूर्ण काढून टाकून फक्त त्यांनी विणलेलं कोलॅजन बसवलं, तरी आखडणं थांबलं नाही, कारण शरीरातून आलेल्या नव्या पेशीही तेच करतात.

म्हणजे एकच क्रिया घडवतेही आणि बिघडवतेही. विणकर कामाला आले, पण काम संपल्यावर गेलेच नाहीत, असा हा प्रकार. त्यांना शांत कोण करणार? उत्तर बरंचसं यांत्रिक निघालं. पेशीला आपल्यावर किती ताण आहे ते कळतं. मिटलेल्या अवस्थेत पाकळीवर वरून रक्ताचा दाब असतो, आणि तो पाकळीला ताणून धरतो. हा ताण पेशींच्या ओढीपेक्षा जास्त असेल तर पाकळी तिच्या लांबीला टिकते. कमी असेल तर पेशी जिंकतात. २०१८ साली झुरिकच्या गटाने संगणकावर आधी हे गणित केलं आणि मग त्यानुसार पाकळीचा आकार बदलला. पोट थोडं फुगीर आणि एकमेकींना टेकणारी कड रुंद ठेवली. ही झडप नळीने सरकवून अकरा मेंढ्यांना बसवली. वर्षभराने त्यांपैकी नऊ झडपा चांगलं काम करत होत्या. आधीच्या आखूड झालेल्या झडपांशी तुलना केली तर हा फरक फार मोठा आहे, आणि तो नव्या औषधाने नव्हे, नुसत्या आकाराने पडला.

माणसांवरचा इतिहास इतका सरळ नाही. मे २००० मध्ये बर्लिनमध्ये पास्कल डोमेन यांनी ४३ वर्षांच्या एका रुग्णावर रॉस शस्त्रक्रिया केली. त्या शस्त्रक्रियेत रुग्णाची स्वतःची फुफ्फुसधमनीची झडप महाधमनीत हलवतात आणि रिकाम्या जागी दुसरी बसवतात. ती दुसरी झडप मृत दात्याची होती, तिच्यातल्या पेशी धुऊन काढल्या होत्या आणि रुग्णाच्या शिरेतल्या अस्तराच्या पेशी तिच्यावर वाढवल्या होत्या. ती चांगली चालली. पण २००१ साली व्हिएन्नात चार मुलांना ‘सिनरग्राफ्ट’ नावाची डुकराची झडप बसवली. तीही पेशीमुक्त केलेली होती. एक मूल सातव्या दिवशी झडप फाटून गेलं. दोघं अचानक गेली, एक सहा आठवड्यांनी आणि एक वर्षाने. चौथ्या मुलाची झडप डॉक्टरांनी दोन दिवसांतच काढून घेतली. काढलेल्या झडपांत तीव्र दाह होता, आणि वर्षभरानंतरही रुग्णाच्या पेशींनी आत वस्ती केलेली नव्हती. ‘पेशीमुक्त’ म्हटलेल्या त्या झडपेत डुकराच्या पेशींचे अवशेषही सापडले. तिथल्या डॉक्टरांनी २००३ मध्ये हे सगळं छापून जाहीर केलं. मला या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा निबंध तोच वाटतो. वैद्यकात यशाचे निबंध भरपूर लिहिले जातात, असे फार थोडे.

याच सुमारास हॅनोव्हरच्या ॲक्सेल हावेरिख यांच्या गटाने दुसरी वाट धरली. डुकराची नाही, माणसाचीच झडप, पण नीट धुतलेली. त्यांचे सहकारी सेर्गेई चेबोतारी यांनी २००२ मध्ये मोल्दोव्हात दोन मुलांना अशा झडपा बसवल्या. साडेतीन वर्षांनी पाहिलं तर झडपेचं कडं मुलांबरोबर मोठं झालं होतं. नंतर युरोपातल्या ‘एस्पॉयर’ या अभ्यासात १२१ रुग्णांना पेशीमुक्त मानवी झडपा दिल्या गेल्या. अडचण एकच, मानवी झडप मृत्यूनंतरच्या दानातूनच मिळते. आपल्याकडे नेत्रदानाचे फलक चौकाचौकांत दिसतात, हृदयाच्या झडपेच्या दानाबद्दल मात्र कोणी बोलत नाही. दिल्लीच्या एम्समध्ये अशा झडपांची पेढी आहे. चेन्नईत डॉ. के. एम. चेरियन यांच्या फ्रंटियर लाइफलाइनमध्ये प्राण्यांच्या ऊती पेशीमुक्त करण्याचं काम झालं.

पूर्ण कृत्रिम जाळीचा प्रयोगही माणसांवर झाला. झेल्टिस या कंपनीची विरघळणारी झडपयुक्त नळी २०१६ पासून बारा मुलांना बसवली. नळी चांगली निभावली, पण काही मुलांत पाकळ्या मागे लवंडून गळती वाढली, आणि रचना बदलावी लागली. पाकळीचा भाग हाच पुन्हा अवघड ठरला.

वाढीचा खरा पुरावा मिनेसोटातून आला असं मी म्हणेन. रॉबर्ट ट्रँक्विलो आणि झीशान सय्यदेन यांनी फायब्रिनच्या जेलमध्ये मेंढीच्या त्वचेच्या पेशी वाढवल्या, त्यांच्याकडून कोलॅजनच्या नळ्या विणून घेतल्या, मग पेशी धुऊन टाकल्या. अशा तीन नळ्या एकमेकींना शिवल्या की तीन पाकळ्यांची झडप तयार होते. २०२१ मध्ये त्यांनी जाहीर केलं की कोकरांत बसवलेली ही झडप वर्षभरात १९ मिलिमीटर व्यासावरून २५ मिलिमीटरला पोचली. इथे फुगणं आणि वाढणं यांत फरक करायला हवा. जुनं कापड ताणून मोठं होतं तेव्हा ते पातळ होतं. या झडपेत नवं कोलॅजन आणि काही प्रमाणात इलॅस्टिनही तयार झालेलं होतं, म्हणून ती वाढ.

आता आपल्याकडे या. अमेरिकेत आणि युरोपात अशी झडप मुख्यतः जन्मजात दोष असलेल्या मुलांसाठी हवी आहे. आपल्या माळव्यात, विदर्भात, मराठवाड्यात झडप बिघडवणारा जुना शत्रू वेगळा आहे: घसा दुखून आलेला संधिवाताचा ताप. घशातल्या स्ट्रेप्टोकोकस जंतूवर शरीर प्रतिकार करतं आणि त्यात स्वतःच्याच झडपेला इजा करून बसतं. दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन घेत राहिलं तर पुढची इजा बऱ्याच अंशी टळते. पण शाळा, शेत आणि दवाखान्यापर्यंतचं अंतर यांत ते इंजेक्शन चुकतं, आणि मग विशीतली मुलं इंदूरच्या किंवा मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात झडप बदलायला जातात.

अशा रुग्णाला जिवंत झडप दिली तर? एम्समध्ये डॉ. ए. संपत कुमार आणि सहकाऱ्यांनी संधिवाती हृदयविकाराच्या रुग्णांवर रॉस शस्त्रक्रिया केल्या. म्हणजे अगदी खरी, रुग्णाची स्वतःची, जिवंत झडप नव्या जागी. अशी झडप महाधमनीत रुळते, हे दुसरीकडे काढून तपासलेल्या झडपांत दिसलं आहे. सुरुवातीला तिच्या पेशी जाग्या होतात, पुढे काही वर्षांनी शांत होतात, आणि पाकळीचे थर जवळपास मूळचे राहतात. पण एम्सच्या रुग्णांत तिशीच्या आतल्यांची हलवलेली झडपही गळायला लागली. त्यांचा निष्कर्ष स्पष्ट होता: संधिवाती आजाराच्या तिशीखालच्या रुग्णाला ही शस्त्रक्रिया सुचवू नये. धातूच्या चकतीला संधिवाताचा ताप काही करू शकत नाही. जिवंत पाकळीला करू शकतो, कारण ती शरीराची आहे आणि शरीर तिला ओळखतं.

म्हणून मेंढीत वर्षभर टिकलेल्या झडपेची बातमी वाचताना मी दोन गोष्टी शोधतो. ती कोणत्या जागी बसवली होती, फुफ्फुसधमनीत की महाधमनीत? पहिल्या ठिकाणी झडप मिटलेली असताना दाब दहा-बारा मिलिमीटर पाऱ्याचा, दुसऱ्या ठिकाणी ऐंशीचा. बहुतेक प्रयोग पहिल्याच ठिकाणचे आहेत. आणि दुसरं, ती झडप निरोगी मेंढीतली आहे. मेंढीला लहानपणी घसा दुखून संधिवाताचा ताप आलेला नसतो. आपल्या रुग्णाच्या रक्तात तो प्रतिकार वर्षानुवर्षं जागा असतो, आणि नवी झडप त्याच रक्तात रुळायची आहे. पेनिसिलिनचं ते इंजेक्शन नवीन झडपेनंतरही चालूच ठेवावं लागेल.